हिमरू, मश्रू आणि तासाला एक थेंब

किस्से रिकामटेकड्यांकडे साठतात असं म्हणतात. आमचे भर कामात साठले, कारण आमचं कामच तसं होतं. तासाला एक थेंब द्यायचा आणि पुढच्या थेंबाची वाट बघत बसायचं! दोन थेंबांच्या मध्ये माणूस करणार काय? चहा पिणार आणि बोलणार. आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं, आणि त्याला संशोधन म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं.

जागा सांगतो. तेव्हाचं औरंगाबाद, लेण्यांच्या डोंगराखालचं विद्यापीठ, आणि प्राणिशास्त्र विभागाच्या मागं असलेलं आमचं माकडघर. मी तिथं नवा लेक्चरर. आमचे प्रमुख सबनीस सर. परदेशात शिकून आलेले, आणि मुंबई-पुणं सोडून मुद्दाम इथं आलेले. का आलात विचारलं की म्हणायचे, "तिकडं माकडं फार झालीत. मला दोनच पाहिजेत!"

सरांचा प्रश्न साधा होता. माणूस असो की माकड, वयात येतं म्हणजे नेमकं काय होतं? मेंदूच्या तळातून एक निरोप निघतो. तो निरोप म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांच्या मण्यांची एक चिमुकली माळ. ती खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जाऊन सांगते, ऊठ. ग्रंथी रक्तात आपली संप्रेरकं सोडते आणि ती जाऊन अंडाशयाला उठवतात. गंमत अशी, की ही सगळी यंत्रणा जन्मापासून तयार असते. तान्हेपणी थोडी चालतेसुद्धा. मग मेंदू ब्रेक दाबतो आणि काही वर्षं दाबूनच ठेवतो. तो ब्रेक कोण दाबतं आणि कोण सोडतं, हे बघायचं होतं. आणि ब्रेक सुटायच्या आत आपणच बाहेरून निरोप पाठवला तर पोर वयात येईल का, हेही.

मात्र निरोप एकदम ओतून चालत नाही. मेंदू तो ठोक्याठोक्यानं पाठवतो, साधारण तासाला एक. म्हणून थेंब, आणि म्हणून किस्से.

* * *

हे सगळं ज्या मुलीच्या पीएच.डी.साठी चाललं होतं, ती सुजाता. वडील लहानपणीच गेलेले. आई कौसाबाई, वाळूजच्या एका कंपनीत झाडलोट करायची. थोरला भाऊ राजू चिकलठाण्याला फिटर.

विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव तेव्हा विधानसभेत होऊन गेला होता, पण अंमल होत नव्हता. कुणी त्यासाठी मोर्चे काढत होतं, कुणी त्याच्याविरुद्ध. आमच्या घरात जेवायच्या पाटावर दोन पक्ष होते, वडिलांचा आणि माझा!

सुजातानं नाव नोंदवायच्या दिवशीच सरांना सांगून टाकलं, "सर, काम मन लावून करीन. पण डिग्री घीन ती नव्या नावाचीच. जुन्या नावाचा कागद माझ्या घरात नाय यायचा."

सर गोंधळले. "अगं, पण ते कधी होणार कुणास ठाऊक! तोवर मी रिटायर होईन."

"व्हा की सर," ती म्हणाली. "मी थांबते."

* * *

सर्वांत आधी पंप पाहिजे होता. तासाला एक थेंब रक्तात सोडणारा. सरांनी खरेदी विभागाला मागणी पाठवली: 'पल्स पंप, नग एक.'

त्या काळात सरकारी कारभार मराठीतून करायचं वारं जोरात होतं, आणि आमच्या खरेदीच्या साहेबांनी ते फारच मनावर घेतलेलं. शुद्ध मराठीत उत्तर आलं: 'कडधान्य पंप ही वस्तू शेतीउपयोगी असल्याने कृषी खात्याकडे मागणी करावी. तसेच माकडांना कडधान्य हाताने का भरवता येत नाही, याचा खुलासा व्हावा.'

सरांनी डोक्याला हात लावला. उलट टपाली लिहिलं: 'पल्स म्हणजे इथे डाळ नव्हे. पल्स म्हणजे नाडी.'

साहेबांचं उत्तर आलं: 'नाडी पंप मंजुरीसाठी विचाराधीन आहे. नाडीची लांबी, रंग, व ती सुती हवी की रेशमी, हे कळवावे.'

संध्याकाळी सरांनी शब्दकोश उघडला, आणि नवा कागद घेऊन ठळक अक्षरांत लिहिलं: 'ठोका पंप. ठोका देणारे यंत्र. तातडीचे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी माकडघरासमोर जीप थांबली. खरेदीचे साहेब नव्हते, सुरक्षा अधिकारी होते! बरोबर चार शिपाई. त्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या, पिंजऱ्यांच्या मागं बघितलं, आणि मग सरांना बाजूला घेऊन हात जोडले.

"सर, दिवस कसले चाललेत बघताय ना? कागदावर 'ठोका' असं लिहू नका हो!"

* * *

पंप काही आला नाही. सुजातानं घरी जेवताना रडगाणं गायलं. राजू म्हणाला, "पायजे काय तुला नेमकं?"

"तासाला एक थेंब. जास्त नाय, कमी नाय."

"येवढंच व्हय? आमच्या मशीनला तेल आसंच तर देत्यात!"

पंधरवड्यानं तो सायकलवर एक खोकं बांधून आला. भंगारातल्या वायपरची मोटर, घड्याळाचं चक्र आणि वर काचेची सिरिंज. थेंब गेला की कळावं म्हणून त्यानं सायकलची घंटीही बसवली होती. टिंग! थेंब गेला. टिंग! पुढचा गेला. पहिले काही दिवस घंटी वाजली की आमचा शिपाई दार उघडायला धावायचा.

तेवढ्यात आमच्या अनुदानाची पाहणी करायला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. चष्मा वर करून, खाली करून, त्यांनी पंप सगळीकडून पाहिला.

"कुठली मेक?"

"चिकलठाणा, सर," सुजाता म्हणाली.

"अच्छा! जर्मन कोलॅबोरेशन?"

"नाय सर. सख्खा भाऊ."

* * *

माकडं आली. उत्तरेकडच्या, लाल तोंडाच्या जातीच्या दोन पोरी. अजून लहान, म्हणून तोंडं फिकट. त्यांना सांभाळायला शकीलचाचा. चाचांचे मेव्हणे हिमरू-मश्रू ही इथली नक्षीदार कापडं विणायचे, त्यामुळे माकडांच्या पाठीवर नळी धरून ठेवणारी जाकिटं चाचांनी घरच्या कापडाच्या तुकड्यांतून शिवून आणली. एकीला हिमरूचं, दुसरीला मश्रूचं. झालं! एक हिमरू, दुसरी मश्रू. परदेशी पाहुणे यायचे आणि लेणी राहू द्या, आधी जाकिटांचे फोटो काढायचे!

हिमरूला पेप्टाइड द्यायचं तासाला एक थेंब. मश्रूला तेच पेप्टाइड द्यायचं, पण सलाईनसारखं सतत, न थांबता. चाचांना वाटलं, मश्रूचे लाड चाललेत.

"साब, इसको इतना सारा, और हिमरूको जरासा? ये तो नाइन्साफी हुई!"

सर हसले. "चाचा, बघाच. वयात हिमरूच येईल. मश्रूची ग्रंथी उलट गप्प बसेल."

चाचांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. "हौ साब, बराबर. कंपनीका भोंगा शिफ्टपे बजा तो आदमी चाय छोडके भागता. दिनभर बजताच रहा तो बोलते, बिगड गया. और सो जाते!"

सरांनी हे वाक्य पुढे दिल्लीच्या परिषदेत जसंच्या तसं वापरलं. टाळ्या सरांना मिळाल्या. परत आल्यावर सरांनी चाचांना शाल दिली. चाचा म्हणाले, "साब, अब मश्रूके वास्ते भी एक शाल लाओ. बिचारी कुछ नहीं बोली, फिर भी काम तो उसका था!"

* * *

पेप्टाइडच्या कुप्या मुंबईच्या विमानतळावर यायच्या आणि बर्फात ठेवून आणाव्या लागायच्या. एकदा आणायला मी गेलो. परतीला एस.टी., मांडीवर थर्मास. वैजापूरला एक म्हातारेबुवा शेजारी येऊन टेकले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फुलंब्रीकडचे मेंढपाळ, बाजाराला आलेले.

"मास्तर, थर्मासात च्या हाय का?"

"नाही बाबा, औषध आहे."

"कशाचं?"

आता रस्ता लांबचा, आणि मला समजावून सांगायची भारी हौस. मी मेंदूपासून सुरुवात करून पार अंडाशयापर्यंत सगळं सांगितलं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हंजी ह्ये दिलं की वयात येतं?"

"माकड येतं."

बाबा सरकून जवळ आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "शेळीला चालंल का? लई मिजास करतीय. माजावरच येईना."

"चालेलही बाबा, पण तासातासाला द्यावं लागतं. दिवसरात्र जवळ बसून."

बाबा पुन्हा जागेवर सरकले. "मग ऱ्हाऊ द्या मास्तर. तेवढा येळ आसता तर म्या सवताचंच लगीन केलं नसतं का!"

* * *

आणि एका सकाळी चाचा ओरडत आले, "साब! हिमरूका मूँह लाल हो गया!"

आम्ही सगळे पळालो. खरंच! फिकट तोंडावर लाली चढलेली. काही दिवसांनी पहिली पाळीही आली. वय बघितलं तर अजून पोरवय. मश्रू शेजारी तशीच, फिकट, शेंगदाणे सोलत बसलेली. सरांचे डोळे भरून आले. सुजाता तर पंपालाच मिठी मारायला निघाली होती, मी तिला धरलं!

मी जेवायला घरी गेलो आणि आनंदानं मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिनं वाढता वाढता हात थांबवला.

"आणि मग तुम्ही काय केलंत?"

"काय म्हणजे? रक्त काढलं."

"अहो, पोरगी वयात आली आणि तुम्ही तिचं रक्त काढत बसलात?"

तासाभरात मंगल माकडघरात हजर. ताटात खण, नारळ, हळदकुंकू! सर हां हां म्हणेपर्यंत तिनं पिंजऱ्याच्या गजातून हात घालून हिमरूच्या कपाळावर कुंकू टेकवलंसुद्धा. "भाभी, काटती है!" म्हणून चाचा ओरडले, पण हिमरूनं काही केलं नाही. नारळ ओढून घेतला, खण डोक्यावर घेतला आणि पाठ फिरवून बसली. त्याच वेळी विभागाच्या फोटोग्राफरनं येऊन प्रयोगाचे रंगीत फोटो काढले.

तेच फोटो पुढे शोधनिबंधाबरोबर परदेशातल्या नियतकालिकाकडे गेले. परीक्षकांचा शेरा आला: चेहऱ्यावरची लाली अपेक्षेप्रमाणे आहे, मात्र कपाळाच्या मध्यभागी उमटलेला गोल लाल ठिपका आजवर कुठल्याही माकडात नोंदला गेलेला नाही. कृपया स्पष्टीकरण द्यावे.

सगळे बुचकळ्यात पडले. खरं सांगावं तरी पंचाईत, खोटं सांगायचं नाही. शेवटी सुजातानं पेन घेतलं आणि एका ओळीत लिहिलं: 'हा परिणाम पूर्णपणे स्थानिक आहे.'

परीक्षकांचं समाधान झालं!

* * *

आता एक सांगतो, त्याचा किस्सा होत नाही. नामांतरावरून तेव्हा खेड्यापाड्यांत घरं जळत होती. त्यात सुजाताच्या मामांचं घर गेलं. माणसं वाचली, बाकी काही राहिलं नाही. ती दुसऱ्या दिवशी माकडघरात आली. नेहमीसारखा नमुना घेतला, नळीवर चिठ्ठी चिकटवली, बर्फात ठेवली. चाचांनी चहा आणून तिच्यापुढं ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसून राहिले. मला त्या दिवशी माझ्या मुलखाची लाज वाटली. तेव्हाही वाटली, अजून वाटते.

* * *

मग शहरात कर्फ्यू लागला. सुजाताचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पंपातलं पेप्टाइड संपत आलेलं. मी घरात अडकलेलो, सर घरात अडकलेले. ही एकटीच निघाली. चौकात हवालदारानं अडवलं.

"कुठं निघालाव ताई?"

"विद्यापीठात. माकडाला औषध द्यायचंय."

"आजारी हाय का?"

"नाय. वयात आणलंय त्याला, ते टिकवायचंय."

हवालदारानं रिकाम्या रस्त्याकडं बघितलं, बंद दुकानांकडं बघितलं, फुटलेल्या काचांकडं बघितलं. मग म्हणाला, "माकडाचं ऱ्हाऊ द्या ताई. आधी ह्या गावाला आणा वयात!"

आणि तिला घरी पाठवलं.

कर्फ्यू उठायला वेळ लागला. आम्ही माकडघरात पोचलो तेव्हा पंप कोरडा पडून बरेच दिवस झाले होते. चाचा आवारातच राहायचे म्हणून खाणंपिणं झालं होतं, पण पंप भरणं एकट्या सुजातालाच जमायचं. हिमरूचं तोंड पार फिकट पडलेलं. पुन्हा बालपणात! संप्रेरकं मोजली, तीही तळाला. सुजातानं आकड्यांचा कागद सरांपुढं टाकला. "गेलं सर. सगळं गेलं."

सरांनी आकडे बघितले, पुन्हा बघितले, आणि एकदम टेबलावर थाप मारली.

"गेलं? अगं वेडे, मिळालं! निरोप होता तोवर ती मोठी. निरोप थांबला, परत लहान. म्हणजे सगळं त्या थेंबामुळंच होतं, याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला? भर पंप!"

पंप भरला. टिंग! काही आठवड्यांत लाली परत आली. निबंधातला सगळ्यांत गाजलेला भाग तोच ठरला. पुढे एका परिषदेत कुणीतरी विचारलं, मध्येच निरोप थांबवून बघायची ही कल्पना कुणाची? सर गंभीरपणे म्हणाले, "जिल्हाधिकाऱ्यांची!"

* * *

काम झालं. निबंध छापून आला. प्रबंध लिहून तयार, फक्त पहिलं पान कोरं. त्यावर विद्यापीठाचं नाव घालायचं होतं, आणि नाव अजून जुनंच होतं.

मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं सुजाताला नोकरी देऊ केली. अट एकच, डिग्री हातात हवी. सरांनी तिला बोलावून घेतलं. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, माकडानं चष्मा पळवला तेव्हासुद्धा नाही.

"आयुष्याचा प्रश्न आहे पोरी! अशी संधी परत येत नाही. नावानं असा काय फरक पडतो?"

"पडत नाय ना सर?"

"नाही पडत!"

"मग बदलू द्या की!"

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. ही गावातल्या एका कॉलेजात तात्पुरती शिकवायला लागली, आणि संध्याकाळी माकडघरात यायची. लोक समजूत काढायचे, टोमणेही मारायचे. वर्षं जात होती. ब्रेक दाबणाऱ्या पेप्टाइडांवर तिनं आणखी दोन निबंध लिहिले. सर रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "माझी एक विद्यार्थिनी बोलल्याप्रमाणे अजून थांबली आहे. मी मात्र बोलल्याप्रमाणे निघालो."

सगळे हसले. सुजाता नाही हसली. ती उठली आणि भर सभेत त्यांच्या पाया पडली.

* * *

आणि झालं! संक्रांतीच्या दिवशी जाहीर झालं. कुणी नामांतर म्हणालं, कुणी नामविस्तार. आम्ही म्हणालो, आधी तिळगूळ द्या! गावात ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. चाचांनी हिमरू-मश्रूच्या पिंजऱ्यांवर निळे झेंडे बांधले, ते हिमरूनं काढून पांघरले.

थोड्याच दिवसांत सुजाता बांधलेला प्रबंध घेऊन खिडकीवर गेली. कारकुनानं सवयीनं शिक्का उचलला. हिनं हात मध्ये घातला.

"जुना हाय तो."

"ताई, नवा अजून बनायचाय. आज हाच चालवून घ्या."

इतकी वर्षं थांबलेली बाई ती. म्हणाली, "मी आणते बनवून!" आणि रिक्षा करून गुलमंडीवर गेली. शिक्केवाल्यापुढं नाव लिहिलेला कागद धरला. त्यानं कागद बघितलाच नाही.

"ताई, लाइनीत थांबा. आठवडाभर ह्योच शिक्का चाललाय!"

* * *

तोंडी परीक्षेला दक्षिणेतून एक ज्येष्ठ प्राध्यापक आले. अत्यंत विद्वान आणि अत्यंत रागीट, अशी त्यांची ख्याती. खोली भरलेली. सबनीस सर मागच्या बाकावर विद्यार्थ्यांत बसलेले. प्राध्यापकांनी तासभर सुजाताला घुसळून काढलं. इंग्रजीत प्रश्न, इंग्रजीत उत्तरं. शेवटी म्हणाले, आता हे सगळे तक्ते बाजूला ठेवा आणि साध्या शब्दांत सांगा, हा ब्रेक सुटतो कसा?

सुजाता म्हणाली, "दाबणारी पेप्टाइडं मेंदूतच असतात सर, आणि ढकलणारीही मेंदूतच. ढकलणारी थकत नाहीत, म्हणून सुटतो."

"ढकलणारी थकत नाहीत? याला संदर्भ काय?"

"प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे, सर."

प्राध्यापकांनी पान उलटलं. त्यावर शीर्षक, तिचं नाव आणि विद्यापीठाचं नाव, बाकी काहीच नाही. त्यांनी विद्यापीठाच्या नावावर बोट ठेवलं. मग त्यांनी प्रबंध मिटला, उभे राहिले आणि तिच्याशी हात मिळवला. मागच्या बाकावरून सबनीस सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग त्या थांबेचनात!

* * *

पदवीदानाच्या दिवशी कौसाबाई कंपनीत अर्धी सुट्टी टाकून आल्या होत्या. कंपनीची साडी, पायात चप्पल, डोक्यावर पदर. राजू होता, चाचा नवा कुर्ता घालून होते, सबनीस सर काठी टेकत आले होते, मंगल होती.

सुजाता स्टेजवरून उतरली ती थेट आईकडं. कागद आईच्या हातात दिला. तेवढ्यात तिला फोटोसाठी कुणीतरी ओढून नेलं. कौसाबाईंनी पदरानं हात पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला, आणि माझ्यापुढं केला.

"सर, मला वाचता येत नाय. वाचून दावा."

मी चष्मा लावला आणि सुरुवात केली, "सुजाता..."

"तिचं नाव नगं सर. त्ये मीच ठिवलंय. वरचं वाचा."

मी वरचं नाव वाचलं.

"पुन्यांदा."

मी पुन्हा वाचलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कौसाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"आता मोठ्यांदा!"